सागाच्या पानांवरून

काटोल नाक्यावर माझा पोह्यांचा ठेला.
पहाटे चारला शेगडी पेटवतो,
म्हणून मला जे दिसतं
ते झोपलेल्या नागपूरला दिसत नाही.

चैतातली गोष्ट. गोरेवाड्याच्या रानाकडून दोघं आले.
एक कारू कुमरे, बारा-तेरा वर्षांचं पोट्टं, कमरेला विळा.
दुसऱ्याचं डोकं विजेच्या तारेला लागत होतं.
तारेवरचा कावळा त्यानं बोटानं बाजूला सरकवला.
भीवसेन. पारशिवनीकडच्या डोंगरात
ज्याला शेंदूर लागतो, तोच.
खांद्यावर गदा नव्हती.
वाटेत उपटलेला मैलाचा दगड होता: नागपूर ३८.

"रातभर खेळून राह्यलो," कारू म्हणाला,
"पोहे दे भाऊ, तर्री मारून."
कोण जिंकलं, मी विचारलं.
दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आधी म्हणे धोंडा.
भीवसेननं तो चिंचोक्यासारखा वर उडवला, झेलला,
होता तिथं ठेवला.
कारूनं दात-ओठ खाऊन जोर लावला.
धोंडा जागचा हलला नाही,
खालचा विंचू तेवढा चिडून बाहेर आला.
"म्या बी हलवलं ना काईतरी!"

मग पानं.
चैतात सागाखाली पापडाचं अंगण पडलेलं असतं.
पलीकडे तळ्यावर चितळं.
एकाही चितळाची मान वर न होता
पाण्याला हात लावायचा, एवढीच पैज.
भीवसेननं पहिलं पाऊल टाकलं
आणि वानरं खोकली, मोर किंचाळला,
टिटवी जी उठली
ती हिंगण्यापर्यंत बोंब मारत गेली.

चितळं परत यायला रात्र कलली.
कारू टाच आधी टेकवत नाही.
बोटांनी पानाला विचारतो, देऊ का भार?
पान हो म्हणालं तरच देतो.
चाळीस पावलांना तास लागला.
परतला तेव्हा ओंजळीत पाणी होतं
आणि चितळं पीतच होती.

"डोंगर हलवले म्या,"
भीवसेन माझ्या बाकड्यावर बसत म्हणाला
(त्या बाकड्याचं नाव आता काढू नका),
"पन काई न हलवता चालनं
कोनी शिकवलंच नाई मले."

तर्री मी जरा हात सैल सोडून वाढली.
नवव्या प्लेटीला त्या बलवंताच्या डोळ्यांतून धार.
"हे बी तूच जिंकला का बे?" नाक ओढत म्हणाला.
कारूनं मुकाट्यानं त्याची प्लेट ओढून घेतली,
आपले कोरडे पोहे पुढे सरकवले.

पैसे कुठून असणार त्याच्याकडे?
मोडक्या बाकड्याच्या जागी
त्यानं तो मैलाचा दगड आडवा ठेवला.
गिऱ्हाईकं आता त्यावर बसतात, खालचं वाचतात,
अन् विचारतात, भाऊ, नागपूर एवढं दूर कधी गेलं?

उजाडायच्या आत दोघं निघाले.
नळापाशी सागाचं एक पान पडलं होतं.
भीवसेन थांबला. टाच उचलली,
बोटं टेकवली, श्वास धरला.

वाजलं.
पण थोडंच.

"जमते, जमते," कारू म्हणाला.