हातचा

नोव्हेंबर संपता संपता
ट्रोम्सोचा सूर्य दोन महिन्यांसाठी दुकान बंद करून गेला
आणि दुसऱ्याच दिवशी खोकं आलं.
आत फोमच्या कुशीत एक कार्ड,
डब्याच्या झाकणाएवढं,
वजनाला मात्र ओल्या कॉड माशासारखं.

"जुन्यापेक्षा चाळीसपट," कंपनीचा माणूस म्हणाला.
त्याच्या बुटांना बर्फाची सवय नव्हती.
गुनवोरने विचारलं, "चाळीसपट काय?"
तो हसला.
तिला खरंच उत्तर हवं होतं.

गुनवोरने फियोर्डाचं गणित लिहिलं
तेव्हा मी जन्मले नव्हते.
फोर्ट्रानच्या अकरा हजार ओळी,
मधूनमधून तिच्या टिपा:
'इथे हात लावू नका. का ते माहीत नाही. मार्च ८९.'
एका ओळीखाली नुसतंच: 'ऑडनी जन्मली.'

ते गणित रोज पहाटे सांगतं
पाणी कुठून कुठे जाईल, किती खारं, किती गार,
सालमनच्या पिंजऱ्यांकडे उवा
कुठल्या प्रवाहावर बसून येतील.
सांगायला सहा तास घेतं.
तोवर प्रवाह निम्मी वाट चालून गेलेला असतो.

म्हणून हे कार्ड.

डिसेंबरभर मी ओळी सोलत बसले.
एकामागून एक चालायची जन्माची सवय असलेल्यांना
हजारोंनी एकदम पाऊल उचलायला शिकवत.
कंपायलर रोज नव्या कारणाने रुसायचा,
मॅन्युअलच्या सत्तराव्या पानानंतर 'लवकरच येत आहे'.
दुपारी बाराला खिडकीत जरासं निळं,
मग पुन्हा रात्र.
आज वार कुठला हे मी कॅलेंडरला विचारणं सोडलं होतं.

आणि जानेवारीत एकदा ते धावलं.
नऊ मिनिटं!
कॉफी ओतेपर्यंत स्क्रीनवर
अख्ख्या आठवड्याच्या भरती-ओहोटी होऊन गेल्या.
सगळे जमले. सिव्हर्टने तपकिरी चीज कापलं.

गुनवोरने नकाशा पाहिलाच नाही.
शेवटचा आकडा मागितला: एकूण मीठ.
"सुरुवातीला किती?"
मी सांगितलं.
"आता?"
सांगितलं.
"मधलं कोणी खाल्लं?"

खोलीत नुसते पंखे.

कार्ड घाईचं. आकड्यांच्या शेपट्या कापून
हलकं होतं, तेव्हाच ते पळतं.
अख्ख्या फियोर्डात चिमूटभर बदल मिळवायचा
तर दर्यात खसखस म्हणून टाकून देतं.
प्रत्येक पावलाला एक चिमूट.
नऊ मिनिटांत
समुद्र अळणी.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो, मी मनात म्हटलं,
आणि मोठ्याने, "परत पाठवू?"

"कशाला? त्याला हातचा धरायला शिकव."
वीजबिलाच्या पाकिटामागे तिने बेरीज मांडली,
शाळेतल्यासारखी, उभी.
जे सांडत होतं ते बाजूच्या एका घरात लिहिलं,
पुढच्या बेरजेत परत घालायला.
पेन्सिलीला टोकही नव्हतं धड.
चार ओळी. अकरा हजारांत चार.

नऊची अकरा मिनिटं झाली.
मीठ जागच्या जागी राहिलं.
कंपनीला कळवलं. त्यांनी उलट कळवलं,
जाहिरातीत नऊच छापून झालंय.

त्या चार ओळींवर मी माझी पहिली टीप लिहिली:
'इथे हात लावू नका. का ते गुनवोरला विचारा.'
मग खोडून कारणच लिहिलं, पूर्ण,
कारण जूनमध्ये ती निवृत्त होते.

परवा पहाटे आर्नल्योटला फोन केला,
त्याचे सहा पिंजरे बेटाच्या पलीकडे.
"उवा येतायत."
"कळलं. आल्या ना?"
सवयीचा, थकलेला आवाज.
"नाही. अजून पाच तास आहेत."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि कुणाला तरी, फोनपासून दूर, ओरडून:
"जाळी काढ! अगं, वेळ आहे!"