सोळावा हात

एजंटच्या पत्रकावर बर्फातलं घर होतं.
अंगणात पांढरी टाकी, टाकीवरही बर्फ,
काचेआड एक बाई, लोकरीत गुंडाळलेली, हसणारी.
"घर कसं ऊबदार राहतं बघा," तो म्हणाला.
मे महिना. रात्रीचे नऊ. मीटिंग गच्चीवर,
कारण खाली पंखे नुसता तवा वारत होते.
भूमय्या हसून हसून खोकला:
"ऊब विकालायस का बे? सोलापुरात?"

तरी मुद्दा होता.
एकतीस घरं, तीन मजले, लिफ्ट नाही.
मागच्या बाजूला, जिथे मोडक्या सायकली
आणि एका मागाचा सांगाडा पडलाय,
तिथे गॅसची मोठी टाकी पुरायची.
तिथून प्रत्येक ओट्यापर्यंत नळी, मीटर, महिन्याचं बिल.
नाहीतर आहे तेच:
एक सिलेंडर लागलेला, एक नंबर लावलेला.

मी उठलो.
तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो,
बिघाड कुठे आहे ते आवाजावरून सांगायचो,
त्यामुळे लोक ऐकून घेतात.
म्हणालो, सिलेंडर हलवला की कळतो.
ओलं फडकं फिरवा अंगावरून:
वरचं आधी वाळतं, गॅस आहे तिथवर ओल टिकते.
पुरलेल्या टाकीत कोण डोकावणार?
आणि उसनं काय मागणार?
बोल्लींच्या घरी बारशाच्या आदल्या रात्री गॅस संपला,
तेव्हा अंबूबाईंनी चुलीवरची आमटी उतरवून
आपला चालू सिलेंडर काढून दिला,
दोन दिवस चहाला आमच्याकडे आल्या.
नळीतून असं काही देता येतं का?

"बरोबर आहे मामांचं," कुणीतरी म्हणालं.
सादूल मास्तर म्हणाले, पाणी पाचव्या दिवशी येतं,
बॅरल, टब, तपेली, सगळं भरून ठेवतो आपण,
मग साठ्याला एवढं काय भ्यायचं?
"पाणी सांडलं तर फरशी पुसता येते मास्तर,"
मी म्हणालो, आणि लोक हसले,
आणि मला वाटलं, झालं.

सिलेंडरच राहू दे? सोळा हात.
टाकी पाहिजे? पंधरा.
सेक्रेटरी वही घेऊन माझ्यापाशी आला,
जरा ओशाळून.
"मामा, तुमचा हात धरता येत नाही.
घर मावशींच्या नावावर आहे."

आहेच.
विडी कामगार म्हणून तिला मिळालेलं,
कागदावर फोटो तिचा, अंगठ्याशेजारी सही तिची:
राजमणी लक्ष्मीनरसू येमूल.
हे मी विसरलो नव्हतो. आठवलं नव्हतं, एवढंच.

ती कठड्याला टेकून बसली होती, बायकांत.
सगळ्यांनी तिकडे पाहिलं.
तिने हात वर केला,
म्हणजे खांद्यापर्यंत.
त्याच्या वर तो गेला नाही.
तसाच धरून ठेवला,
सेक्रेटरीने लिहून घेईपर्यंत,
टाकीच्या बाजूने.

जिन्यात ती काही बोलली नाही.
मीही नाही. मी हिशोब करत होतो:
गॅसवाला पोऱ्या दारात ठेवून जातो.
पुढचं ज्याचं त्याचं.
तो यायचा अकराला.
अकराला मी मागावर असायचो.

टाकी यायला दिवाळी उजाडेल म्हणतात.
परवा सिलेंडर आला, मी घरात होतो.
दोन्ही हातांनी उचलला,
सातव्या पावलावर खाली ठेवला,
कंबर धरून उभा राहिलो.
दारापासून ओट्यापर्यंत तेरा पावलं आहेत.

ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"उचलू नका. तिरका करा,
कडेवर फिरवत न्या.
फरशीवर रेघ पडलीय बघा,
तिच्यावरनं."