बोरधरण, सकाळची फेरी

ताडोब्याच्या दोनच सीट उरल्या होत्या
आणि आम्ही तिघं.
दिगंबर म्हणाला, मग बोरला जाऊ.
सावजी बंद निघालं की घरच्या वांग्यावर येतो ना,
तसं म्हणाला.

पहाटे साडेतीनला मानेवाड्याहून निघालो.
हिंगण्यापर्यंत कोणी बोललं नाही.

गेटवर जिप्सी एकच. गाईड मडावीबाई,
खाकी पँटच्या खाली चांदीचे तोडे.
पहिलंच वाक्य: वाघाचं मी सांगत नाही जी.

मग जे सांगितलं ते असं,
हा धावडा, याचा डिंक. ही चितळीण परवाच व्याली.
इथे गाडी बंद करा.
पाण्यावर धुकं. पलीकडून वानराची एकच खाकर
आणि ओवीचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

सागाच्या खोडावर नख्यांच्या रेघा,
बाईंच्या डोक्यापेक्षा हातभर वर.
गाडी अगदी खेटून उभी.
ओवी सीटवर चढली, टाचा उचलल्या,
तिचं बोट रेघेत पुरतं बसलं.
ओलं आहे, ती म्हणाली.
मडावीबाईंनी ड्रायव्हरकडे नुसतं पाहिलं.

किती वेळ थांबलो, कोण जाणे.
घड्याळ दिगंबरच्या हातात होतं
आणि तो पहिल्यांदाच ते बघत नव्हता.
काही आलं नाही.

दुपारी जिन्यात ढोबळेकाका: दिसला का जी?
मी तोंड उघडणार, तोवर
कुलूप काढता काढता दिगंबर म्हणाला, हो.
केवढा?
त्याने हात वर केला,
डोक्याच्या वर, आणखी हातभर,
आणि किल्ली दारात तशीच लटकत राहिली.