जनसुनावणी, सिव्हिल लाइन्स

मी लघुलेखक. ऐकतो ते उतरवतो.

कंपनीचे वकील म्हणाले : मिहानला दोनशे मेगावॅट,
अखंड. आत माणसं चाळीसच,
पण यंत्रं गार ठेवावी लागतात.
आणि कायदा सांगतो, मागेल त्याला
महिन्याभरात जोडणी.

वितरणचे दहीकर उठले. चष्मा पुसत राहिले.
"देणं कर्तव्यच आहे.
फक्त, उद्या हे निघून गेले तर
उपकेंद्र कुणाच्या बिलात बसवायचं?"
सदस्यांनी हे पुन्हा म्हणायला लावलं.

मग कोराडीच्या झिबलाबाई उईके. तीन मिनिटं.
पिशवीतून वाळत घातलेली चादर काढली
आणि टेबलावर झटकली.
राख.
"हे आमच्याकडे येते. लाइट पुढं जाते.
माह्या पोरानं गिरणीसाठी थ्री फेजचा अर्ज देल्ला,
चवदा महिने झाले.
तुमचा महिना केवढा असते, साहेब?"

अध्यक्ष म्हणाले, हा आजच्या याचिकेचा विषय नाही.
एसीचा आवाज येत होता.

लघुलिपीत झटकण्याला खूण नाही.
एक ओळ कोरी सोडली,
टेबलावरून बोट फिरवलं
आणि तिथं टेकवलं.

टंकलेखनात ते येणार नाही.