चार दिवसांची रजा

सात दिवस मागितले होते, मिळाले चार.
सुपरवायझर म्हणाले, डिस्पॅच आहे, समजून घ्या.
मी समजून घेतलं.
केतकीने नाही. तिने कॅलेंडरवर
तांबड्या खडूने सात घरं आधीच रंगवलेली.
उरलेल्या तिनांचं काय करायचं, विचारते,
खोडरबराने खडू पुसत नाही.

पहिला दिवस आंघोळीत गेला,
म्हणजे न करण्यात.
सातपूरच्या आमच्या गच्चीवर उन्हात ठेवलेलं घमेलं,
तेजू त्याच्याभोवती फेऱ्या घालतोय,
पाण्यात बोट, बोट तोंडात.
"अजून कच्चंय."
पार बारा वाजता पिकलं पाणी.

संध्याकाळी योएलच्या आईने ताट आणलं,
करंज्या, चकल्या, वर क्रोशाचा रुमाल.
"बाबा, दिवाळी परत आली!"
दिवाळी नाही गं, नाताळ.
"मग करंजीला कसं कळलं?"
मी एक करंजी उचलली
आणि तोंड भरलेलं असण्याचा फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेहुण्याची व्हॅन,
नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी दाखवायचे
हे मी नोव्हेंबरपासून घोकत होतो.
मनाली सिव्हिलमधली रात्रपाळी उरकून
तशीच, पांढऱ्या कपड्यांत, मागच्या सीटवर आडवी,
अंगावर तेजूची दुलई, गुडघ्यांपर्यंतच पुरणारी.
निफाडला पारा घसरला, रेडिओ म्हणाला.
तेजूने सीटखाली वाकून पाहिलं,
कुठे पडला ते.

धुकं.
पाणी नाही, काठ नाही, मनोरा नाही.
दुर्बीण भाड्याने घेतली,
तिच्यातूनही धुकंच दिसलं, जरा मोठं.
आत कुठेतरी हजार पंख फडफडत होते,
कुणीतरी ओल्या चादरी झटकाव्यात तसे,
आणि मी पुस्तकातली नावं म्हणत होतो:
चक्रवाक, थापट्या, रोहित...
मुलं एकमेकांच्या तोंडावर वाफ सोडत होती.
केतकी किटली झाली, तेजू इंजिन,
मग दोघं भांडली, कोण जास्त उकळतंय यावरून.
मनालीला जाग आली. तिनेही काच खाली करून
एक लांब वाफ सोडली,
आणि पुन्हा झोपली.

चहाच्या टपरीमागे विझलेली शेकोटी,
तिच्या कोमट राखेत एक पिल्लू,
अर्धं तांबूस, अर्धं राखेचं.
तिथून पाऊण तास कुणी हललं नाही.

परतताना एकाच्या ओळखीने बागेत शिरलो.
द्राक्षांच्या घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली,
ओळीच्या ओळी, मांडवाखाली लटकलेली.
रात्रीच्या शेकोट्यांचा धूर अजून पानांना चिकटून.
"यांना पण थंडी वाजते?"
वाजते तर, बागवाले पोपटराव म्हणाले, तडकतात बिचारी.
तेजूने आपली कानटोपी दोन्ही हातांनी
आणखी खाली ओढली. देणार नव्हता तो.
केतकी पहिलीत आहे. ती घड वाचत निघाली,
डोकं वाकडं करून, कधी उलटं:
"पा-णी-क-पा... बाबा, पुढचं द्राक्षाच्या मागे गेलं.
भा-व-घ... हे कुणाचं भाऊ?"
पोपटरावांनी दुसरीकडे पाहिलं.
मीही.

तिसऱ्या दिवसाचं काही आठवत नाही.
बहुधा चांगला गेला असावा.
चौथ्या दिवशी मावशीचा फोन. काय काय पाहिलं?
मी हळूच म्हणालो, सांग, पक्षी.
"कुत्रं," तेजू म्हणाला, "राखेचं.
आणि आई झोपलेली."

आता पुन्हा रात्रपाळी.
तीनच्या चहाला जाकिटाच्या खिशात हात घातला,
कागदाची गोळी, आत चार हिरवे मणी,
तिने कधी तोडले देव जाणे.
कागदावर एक फाटकं अक्षर आणि राखेची बोटं.
मशीन थांबली होती तेवढ्यात
एक मणी तोंडात टाकला.
दात शिवशिवले, डोळा मिटला.
बाजूचा म्हणाला, काय झालं?
अजून कच्चंय, म्हटलं,
आणि उरलेले तीन परत खिशात ठेवले.