कोब्रास्टार परत येतोय म्हणे

बातमी आली तेव्हा व्यंकटेश सोल्डर करत होता.
धूर नाकाशेजारून जाऊ देत म्हणाला,
"नाव विकत घेतलंय बे कुणीतरी. नुसतं नाव."
आणि परत एका मेलेल्या चार्जिंग पिनेवर वाकला.

रविवार. कन्ना चौकातलं त्याचं आठ बाय सहाचं दुकान,
आम्ही चौघं, स्टूल एकच.
मल्लिनाथनं मोबाइल पुढं केला:
तोच लाल साप, पण आता गुळगुळीत,
जीभ आत घेतलेला,
पतपेढीत नोकरीला लागल्यासारखा.

आमच्या सापाला जीभ होती. दुभंगलेली,
आणि स्टिकर तिरका.
रियाजच्या मामानं गड्ड्याच्या जत्रेतून
घासाघीस करून आणलेला तो डबा.
झाकणावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम,
आत मोजून अकरा,
तेच तेच, वेगळ्या नावांनी, वेगळ्या रंगाच्या आभाळाखाली.
तासाला दोन रुपये. लहान बहिणींना अर्धं तिकीट.
कॅसेट अडली की फुंकर.
फुंकरीतून शेंगाचटणीचा कण आत गेला
की पडद्यावर मुंग्या,
आणि आतल्या खोलीतून रियाजची अम्मी:
"टीवी की ट्यूब जाती रे, बंद करो!"

मला दुसरा कंट्रोलर मिळायचा.
सात वर्षांची मी, अंगठ्याला घट्टे पडेस्तोवर दाबायचे,
उडी म्हटलं की उडी, गोळी म्हटलं की गोळी.
दादा म्हणायचा, "बघ, तूच जिंकलीस."
महिनाभर जिंकत होते.
मग एकदा पेन्सिल घरंगळली म्हणून पलंगाखाली वाकले
तर माझी वायर तिथंच,
वेटोळं घालून, रबर लावून, नीट ठेवलेली.

त्या दिवसापासून कुणी काही हातात दिलं
की मी आधी खाली वाकून बघते.
नोकरीच्या पत्रात. लग्नाच्या बोलणीत.
फ्लॅटच्या रंगीत पुस्तिकेत.

तर आता ही नवी कंपनी.
"तोच आनंद, नव्या रूपात."
आगाऊ दोन हजार, उरलेले माल आल्यावर.
माल कधी, ते लिहिलेलं नाही.
आत काय, तेही नाही. फक्त धूसर फोटो, निळसर उजेड,
आणि एक गोरा मुलगा, ज्यानं आयुष्यात
कधी कॅसेटीत फुंकर मारली नसेल.

व्यंकटेशचे वडील मागावर जॉबर होते.
मिल बंद पडल्यावरही बाजारात
कुठलीही चादर दिसली की आधी उलटी करायचे.
"शिक्का कुणीबी मारतंय. पाठीवर नक्षी उठली पायजे."
व्यंकटेशनं तो फोटो बोटांनी मोठा केला,
फिरवला, आडवा केला.
"याला पाठच नाही दाखवली," म्हणाला.

"पण आपला तरी कुठं अस्सल होता?"
हे मल्लिनाथ. तो असंच बोलतो, आणि मग चहा मागवतो.
खरंय. कुठल्या परदेशी यंत्राची ती नक्कल,
नकलेचीही नक्कल असेल.
मग आम्ही कशाची राखण करत बसलोय?
खोट्यातल्या कुठल्या खऱ्याची?
चहा आला. कुणी उत्तर दिलं नाही.
बाजूच्या बोळात एक लूम चालू होता,
खटक खटक, मध्येच धागा तुटून गप्प.

मग रियाज खाकरला.
"मी भरलेत दोन हजार."
शिव्या. मराठीतून, तेलुगूतून, कानडीतून,
शेवटी त्याच्याच दखनीतून.
तो हसत राहिला, कानापर्यंत लाल.
"अम्मीच्या खोलीत लावीन," एवढंच म्हणाला.
अम्मीची खोली दोन वर्षं बंद आहे.

थोड्या वेळानं मीच विचारलं,
"कंट्रोलर दोन आहेत का?"
"दोन."
"वायर केवढी?"
रियाजनं मोबाइल जवळ धरला, बारीक अक्षरं वाचली,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,
"वायरच नाही त्याला."