सहा मिलिमीटर

सहा मिलिमीटर म्हणजे नुसती कागदाची चकती.
तिच्याभोवती काही नाही.
चकतीत औषध आहे आणि जिवाणू तिला खेटून उभे,
धनतेरशीच्या संध्याकाळी
मांडवीच्या कमानीखाली माणसं असतात तसे.

नवीन मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगते:
चकतीभोवती जो रिकामा गोल दिसतो,
तेवढ्यात औषधाचं चालतं. तो मोजायचा.
माझी पट्टी दांडिया बाजारातली, शाळेची,
शून्यापाशी झिजलेली.
म्हणून मी दहापासून मोजते
आणि दहा वजा करते.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये सिप्रोचा गोल होता एकतीस.
वहीत अजून आहे, निळ्या शाईत,
शेजारी रमणभाईंच्या कपाचा डाग.
नदीचं पाणी तेच आणायचे.
इस्पितळाचा नाला विश्वामित्रीला मिळतो
तिथून खाली वीस पावलं,
दोरीला बांधलेली बाटली,
आणि समोरच्या गाळात मगर, ओंडक्यासारखी.
"एने आपणामां रस नथी, बेन," म्हणायचे.
मगरीपुरतं ते खरं होतं.

मग एकोणीस.
पेपर परत आला: आकडे विश्वसनीय वाटत नाहीत.
पुन्हा केलं. एकोणीस.
आमच्या गल्लीतला केमिस्ट कागदाच्या पुडीत
दोन गोळ्या द्यायचा, ताप उतरेपुरत्या.
त्याच्यावर मी व्याख्यानं दिली, स्लाइड दाखवल्या,
आणि एका रविवारी घरच्या खणात,
बटणं आणि जुन्या किल्ल्यांच्या खाली,
माझ्याच अर्ध्या राहिलेल्या कोर्सच्या
तीन गोळ्या सापडल्या.
हे कुठल्या पेपरात लिहिलं नाही.

पुराच्या वर्षी नमुना आला, बावीसशे सात.
जखमेचा पू, उजवा पाय.
चौदा चकत्या लावल्या.
सकाळी लिहीत गेले: सहा, सहा, सहा,
हात सवयीने चालत होता,
चौदावा सहा लिहून पान उलटलं
तर मागे नाव: परमार रमणभाई.
काठावरची काच.
माझ्याच बाटलीसाठी उतरले होते.

पंधरावं औषध मुंबईहून बर्फात आलं, चार दिवसांनी.
दोन बोटं गेली, माणूस राहिला.
चप्पल पुढून कापून घेतली होती त्यांनी,
कामावर आले तेव्हा पहिला प्रश्न,
त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत:
"बेन, माझे जंतू सांभाळून ठेवले ने?"
ठेवलेत म्हटलं, उणे ऐंशीवर.
फार बरं वाटलं त्यांना.
गावी सांगत, आपलं थोडं काही
युनिव्हर्सिटीत ठेवलेलं आहे.
मी हसले नाही. त्यांना वाटलं,
मॅडमना विनोद कळत नाही.

या आठवड्यात फ्रीझर रिकामा करतेय.
एकतीस तारखेला निवृत्ती; खोली दुसऱ्या कुणाची.
बावीसशे सात झंखनाच्या नावावर केला,
सही घेऊन, दागिना द्यावा तसा.
तळाच्या खणात बर्फाने चिकटलेली एक कुपी,
माझंच तरुण अक्षर: विश्वामित्री, मार्च ९१.
उठेल असं वाटलं नव्हतं.
उठला.
इतक्या वर्षांची झोप आणि बाहेरचं काहीच ठाऊक नाही.
प्लेटवर पसरला, मधोमध सिप्रोची चकती ठेवली,
घरी गेले, नीट झोप लागली नाही.

सकाळी झंखना माझ्या आधी पोचलेली.
पीएचडीचं तिसरं वर्ष, हजारेक प्लेटा पाहिलेली मुलगी,
प्लेट उजेडात धरून कपाळाला आठ्या:
"मॅडम, ही बिघडली.
मध्ये काही उगवलंच नाही, केवढी जागा रिकामी.
मी पुन्हा लावू का?"

मी तिच्या हातात पट्टी दिली.
ती वाकली, एक डोळा मिटला,
दोनदा मोजलं.
"एक्केचाळीस?"

दहा वजा कर, म्हटलं.